रेडिओ बारीक करा, मनूताई

मनूताई फोन करायला बसल्या की गंगेतल्या नावा थांबायच्या. कोणी म्हणेल ही थाप आहे. असेल. पण ब्रह्मा घाटाच्या पायरीवर बसून मी याच कानांनी ऐकलंय, वल्ह्यांचा आवाज बंद पडायचा आणि नावाडी एकमेकांना दटावायचे, "चुप रहो बे, मराठी अम्मा लग गई हैं." लागल्या म्हणजे रेडिओला फोन लागला.

काशीत लोक मोक्षासाठी येतात. मनूताई लग्न होऊन आल्या, साताऱ्याकडच्या एका खेड्यातून. आमच्या गल्लीत समोरच्या घरच्या फोडणीने आपल्या घरात शिंका येतात, आणि शेजाऱ्याची गाय आधी जाऊ द्यायची म्हणून माणसाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. अशा गल्लीत आलेल्या मुलीला बोलायला मोकळी जागा कुठे मिळणार? तिला ती हवेत सापडली. रेडिओवर श्रोत्यांचे फोन घ्यायला लागल्यापासून मनूताईंनी एकही कार्यक्रम सोडला नाही.

शेतीच्या कार्यक्रमात त्यांनी विचारलं, म्हैस पान्हा सोडत नाही, काय करावं? तज्ज्ञांनी चारा, पेंड, मालिश सगळं समजावलं आणि शेवटी म्हैस कितव्या वेताची ते विचारलं. मनूताई म्हणाल्या, "भैंस नहीं है. लेकिन कल को हो गई तो?" वकिलाच्या कार्यक्रमात त्यांनी भाऊबंदकीचा असा खटला मांडला की वकीलसाहेबांनी जाहिरात लागल्यावर स्वतःच्या भावाला फोन केला म्हणे. गाण्याच्या फर्माईशीला मात्र त्या कधी गाणं मागत नसत. "गाणी काय, ते लावतातच. मी कशाला सांगू?"

फोनची तयारी तासभर चालायची. पाय धुवायचे, कुंकू ताजं करायचं, पदर खांद्यावर घ्यायचा. "चार माणसांत जायचं तर अशा अवतारात जातात का? इथे तर अख्खं शहर." पूर्वी डायलचा फोन होता, त्यावर क्रोशाचं झाकण. पुढे मोबाइल आला. तोही त्यांनी कधी कानाला लावला नाही, स्टुलावर झाकण अंथरून त्यावर ठेवायचा, आणि नैवेद्य दाखवायला वाकतात तसं वाकून पहिला प्रश्न टाकायचा, "आवाज आ रही है ना?" हा प्रश्न अशा जरबेने, की नसेल येत तर रेडिओ केंद्रानेच जागा बदलावी.

पण या सगळ्या थाटात एक दुःख होतं. फोन लागला की पलीकडचा माणूस पहिलं वाक्य तेच बोलायचा, "अम्मा, रेडियो की आवाज कम कीजिए." न करून चालत नाही. आपला रेडिओ चालू राहिला तर फोनात शिट्टी घुसते आणि ते कापतात. म्हणजे मनूताई रेडिओवर कशा वाजतात ते साऱ्या काशीला ठाऊक, मनूताईंना सोडून.

त्यावर तोड काढली ती दिगंबरशास्त्रींनी. हे त्यांचे यजमान. वेदपाठी, आणि आवाज असा की ब्रह्मा घाटावर संध्या म्हणायला लागले की पलीकडच्या तीरावरची वाळू बसल्या जागी सरळ होई. माणूस कमालीचा अबोल. मंत्राबाहेर शब्द खर्च करणं त्यांना उधळपट्टी वाटत असावी. पण मनूताई फोनला बसल्या की शास्त्रीबुवा ट्रान्झिस्टर उचलायचे, मागच्या खोलीत पोथ्यांच्या कपाटाशी न्यायचे, दार लावून त्याला कान चिकटवून बसायचे. फोन संपला की बाहेर यायचे आणि निकाल द्यायचे. "दुसऱ्या वाक्यात श्वास तोडलास." किंवा, "शेवट घाईत झाला." पन्नास वर्षांच्या संसारात याहून मोठं कौतुक त्यांनी केलं नाही, आणि मनूताईंनी मागितलं नाही.

आता तो बाँके.

शहरातल्या एका खाजगी एफएमवर सकाळी 'बाँके की बैठक' लागायची. आरजे बाँके. त्याच्यापुढे म्हणे बटणांची पाटी असायची. एक दाबलं की काच फुटायची, दुसऱ्याने बाळ हसायचं, तिसऱ्याने गाढव ओरडायचं. पोरांना भारी आवडायचं. मनूताईंनाही तो आवडायचा. "द्वाड आहे, पण गोड आहे मेला."

मनूताईंच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली त्या सकाळी बाँकेने विषय दिला: घरच्या माणसाला रेडिओवरून चकित करा. मनूताईंनी ठरवलं, नाव घ्यायचं. आमच्यात बायको नवऱ्याला नावाने हाक मारत नाही. नाव फक्त उखाण्यात घ्यायचं, यमकात बांधून, चार माणसांत. शास्त्रीबुवांचं नाव त्यांनी लग्नानंतर मोजक्याच वेळी घेतलं होतं, तेही गल्लीत. आज काशीत घेणार होत्या. आदल्या दिवशीच गल्लीभर दवंडी पिटून झाली. सकाळी घरोघरी रेडिओ मोठे. शास्त्रीबुवा ट्रान्झिस्टर घेऊन कपाटाशी.

"आवाज आ रही है ना?"

"आ रही है अम्मा, जरा रेडियो की आवाज कम कीजिए."

"कम ही है. सुनो अब. मराठी में है."

आणि त्यांनी लाजत, पण ठणठणीत म्हटलं:

"पाच नद्यांचं पाणी, पंचगंगेचा काठ,
दिगंबररावांशी बांधली जन्माची गाठ."

'दिगंबररावांशी' या शब्दावर बाँकेने तिसरं बटण दाबलं.

अख्ख्या गल्लीतल्या सगळ्या रेडिओंतून गाढव ओरडलं. एकदा नाही, नावाच्या सुरुवातीपासून गाठ बसेपर्यंत. वर तो म्हणाला, "वाह अम्मा! किसका नाम था, पता नहीं, पर धोबी को मिल गया!" पुढे जाहिरात.

मनूताईंना यातलं काही कळलं नाही. त्यांना फोनात फक्त हसू ऐकू आलं आणि ते त्यांना कौतुकाचं वाटलं. मागच्या खोलीचं दार उघडलं. शास्त्रीबुवा बाहेर आले.

"कसं झालं?"

"छान झालं."

"श्वास?"

"श्वास बरोबर होता."

उभ्या जन्मात खोटं न बोललेला माणूस तो. आम्ही समोरच्या खिडकीत सगळे पुतळे.

दुसऱ्या दिवशी पहाटे शास्त्रीबुवा नेहमीसारखे घाटावर गेले. पायऱ्यांवर नावाड्यांच्या पोरांनी त्यांना पाहिलं, आणि एकाने गाढव काढलं. मग दुसऱ्याने. पोरंच ती. पण तिसऱ्या दिवशी शास्त्रीबुवा गेले नाहीत. "गुडघा दुखतो," म्हणाले. मोरीत बादलीने आंघोळ करू लागले. संध्या घरात, आणि तीही पुटपुटत. घाट सुना झाला. मला तर वाटतं त्या महिन्यात गंगाच दोन पायऱ्या खाली गेली. पाटबंधारेवाले वेगळं कारण सांगतील, सांगू देत.

मनूताईंना कळलं ते सब्जीच्या गल्लीत. परवर तोलता तोलता दुकानदार दात काढून म्हणाला, "अम्मा, गधा वाला प्रोग्राम फिर कब?" त्यांनी त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. बटण, शब्द, धोबी. मग परवर घेतलं, निवडून घेतलं, घरी आल्या. मोरीतून बादलीचा आवाज येत होता आणि पुटपुटलेला मंत्र. त्या दाराशी जराशा उभ्या राहिल्या आणि स्वैपाकाला लागल्या. नवऱ्याला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. ते मनूताईंसाठी खोटं बोलले होते. ते उघडं पाडायचं नव्हतं.

पण दिवेलागणीला देवापुढे त्यांनी काय मागितलं ते मला गल्लीपलीकडून स्वच्छ ऐकू आलं.

"अन्नपूर्णे, त्या बाँक्याला आयुष्य दे. भरपूर दे. मला वेळ लागणार आहे."

मग जे सुरू झालं त्याला युद्ध म्हणावं तर युद्धाचा अपमान होईल. पहिल्याच फोनवर त्यांनी सरळ सांगितलं, "मेरे उनका नाम लो. पूरा नाम. शास्त्री जी लगाके. इज्जत से." बाँकेने गाढव दाबलं. वर त्यांना नावही पाडलं, 'गधा-कांड वाली अम्मा', आणि त्यांचा नंबर अडवला. मनूताईंना नंबरांची काय कमी? दूधवाल्याचा फोन, गुरुजींचा फोन, पिंडदानाला आलेल्या यात्रेकरूंचा फोन. नाशिकच्या एका बिचाऱ्याने वडिलांचं श्राद्ध संपवून खिशात हात घातला तर फोन मनूताईंच्या स्टुलावर, क्रोशावर.

एकदा त्या बंगाली विधवा झाल्या. असा कापरा आवाज लावला, की बाँके गहिवरला. "माँजी, आपके लिए कौन सा गाना बजाऊँ?" "गाना नहीं बाबा, एक नाम सुनने का मन है." "किसका, माँजी?" "दिगंबरशास्त्री का." तो 'दिगं' पर्यंत गेलाही होता. मग थबकला. फोन कापला. "थोडक्यात हुकलं," मनूताई म्हणाल्या, आणि दुपारी पुरणपोळी केली. अर्धं नाव तर निघालं.

कान-नाक-घशाचे डॉक्टर पाहुणे आले तेव्हा त्यांनी मिर्झापूरच्या शेतकरणीचा आवाज लावला. "डॉक्टर साहेब, जो आदमी दूसरे की बात पूरी सुने बिना बटन दबा दे, उसके कान में खराबी होती है कि खानदान में?" डॉक्टर प्रामाणिक माणूस. "पहले कान देखना पड़ेगा," म्हणाले. त्या दिवशी नावाडी हसून नावांतून पडले. एक तर वाहत राजघाटापर्यंत गेला आणि तिथूनही हसतच परत आला.

तरी हे सगळे ओरखडेच. शास्त्रीबुवा मोरीतच होते. मनूताई ट्रान्झिस्टरकडे बघून दात आवळायच्या, "दोघांच्या मध्ये ही एवढी हवा आहे मेली. हवेत हात पोचत नाही. हा एकदा माझ्या समोर उभा राहायला हवा."

आणि नेमकी तेव्हाच आमची केतकी प्रेमात पडली.

केतकी माझी पुतणी, बँकेत नोकरीला. कोण एक मुलगा खातं उघडायला आला आणि मग रोज काहीतरी दुरुस्तीला येत राहिला. पत्ता चुकला, सही चुकली, फोटो बरोबर नाही. घरी सांगितलं तेव्हा मुलाचं नाव निघालं अवधेश. आणि रेडिओवरचं नाव निघालं बाँके.

माझ्या भावाने कपाळाला हात लावला. मुलगा आपल्यातला नाही हे त्याने दोन दिवसांत पचवलं. पण, "मनूताईंना काय तोंड दाखवू?" हे पचेना. शेवटी भाऊ, वहिनी आणि मी असे तिघे शिक्षा ऐकायला जावं तसे समोरच्या घरात गेलो. मनूताई परवराला चिरा पाडत होत्या. ऐकून सुरी थांबली. मला वाटलं, आता परवराऐवजी आम्ही.

"लग्न कुठे?"

"इथेच, मंगला गौरीजवळच्या कार्यालयात," भाऊ म्हणाला.

"लग्न लागलं की जोडी तुझ्या घरी देवाच्या पाया पडायला येणार? या गल्लीतून? या समोरच्या दारातून?"

"हो, येणारच की."

"मग होऊ दे," मनूताई म्हणाल्या आणि असं हसल्या की वहिनीने माझा हात धरला. "मुलगा सोन्यासारखा आहे."

त्या दिवसापासून या लग्नाला मनूताईंइतका मोठा वकील नव्हता. नाकं मुरडणाऱ्या म्हाताऱ्यांना त्यांनी घरी जाऊन गप्प केलं. रुखवतात सांजोऱ्या त्यांच्या, मुंडावळ्या त्यांच्या. वर रेडिओ केंद्राला फोन केला, स्वतःच्या नंबरवरून, स्वतःच्या आवाजात: "हमारी तरफ से कोई शिकायत नहीं. लड़का अब घर का है. लेकिन शादी है, रेडियो भी लाइए. पूरी काशी सुने." तिथल्या लोकांना गंमत वाटली. त्यांनी नवरदेवाला न विचारताच कबूल केलं.

आणि लग्नाच्या सकाळी मी पाहिलं, गल्लीच्या तोंडाशी धोब्याचं गाढव बांधलेलं. खरं. जिवंत. मनूताईंनी त्याला घरचा गूळ चारला आणि धोब्याला बजावलं, "मी हात वर केला की शेपूट पिळ."

लग्न लागलं. जोडी आली. गल्ली अशी भरली, की आत येणाऱ्याला आधी बाहेर जाणाऱ्याची वाट बघावी लागेना, कारण बाहेर जायला जागाच नव्हती. पुढे केतकी आणि अवधेश, मागे रेडिओचा पोऱ्या माइक पुढे धरून, थेट प्रसारण. आमच्या दारात मनूताई आडव्या. पैठणी, नथ, एक हात या चौकटीला, एक त्या.

"नाव घ्या, मगच आत."

अवधेश बिचारा तयारी करून आला होता. केतकीने पढवलं होतं. त्याने मोडक्या मराठीत, पण मनापासून म्हटलं:

"थंडीत मलइयो, उन्हाळ्यात कैरी,
केतकीच्या घरी आलो, समजू नका वैरी."

मलइयोला, आमच्या थंडीतल्या दुधाच्या गोड फेसाला, टाळ्या पडल्या. मनूताईंनीही वाजवल्या. केतकीच्या नावाला त्यांनी कुठे धक्का लावला नाही, हे मुद्दाम सांगतो.

"छान. आता दुसरं."

"दुसरा?"

"जावई बाहेरचा असेल तर स्वतःचं नाव पण घ्यावं लागतं. रेडिओवरचं. इथली रीत आहे."

अशी रीत ना काशीत, ना कोकणात, ना देशावर. अवधेशने आमच्या गुरुजींकडे पाहिलं. "ये भी होता है?" गुरुजींनी डोळे मिटून मान डोलावली. मग सगळ्या ब्रह्मा घाटाने मान डोलावली. रीत तिथल्या तिथे रूढ झाली.

तो माइकवाला माणूस, अडायचा थोडाच? तिथेच जुळवलं:

"माइक मेरा मंदिर, श्रोता मेरे राम,
सेवक हूँ मैं बाँके..."

मनूताईंनी हात वर केला.

गल्लीच्या तोंडाशी धोब्याने शेपूट पिळली. गाढवाने मान वळवली, धोब्याकडे पाहिलं, आणि कमानीचं झेंडूचं तोरण खायला लागलं. पुन्हा पिळली. गाढव चघळतंय. मी मनूताईंकडे पाहिलं. वर केलेला हात तसाच. पोऱ्याचा माइक पुढे धरलेला, सगळी काशी ऐकतेय, आणि अवधेश पुढची ओळ उचलायला तोंड उघडतोय.

तेवढ्यात वरून आवाज आला.

समोरच्या घराच्या वरच्या खिडकीत दिगंबरशास्त्री उभे होते. त्यांनी श्वास घेतला. तो श्वास मी विसरणार नाही, नाभीपासून घेतलेला. आणि मग ते ओरडले. गाढवासारखे नाही, गाढवांनी शिकावं असे. खालचा स्वर खाली, वरचा वर, आणि शेवटची ती लांबण कुठेही न तुटता गल्लीच्या या टोकापासून गंगेपर्यंत गेली. नावा थांबल्या. कबुतरं उडाली. गाढवाने तोरण टाकलं आणि अदबीने कान पाडले. आणि माइकमधून हे सगळं, पहिल्या 'बाँ' पासून शेवटच्या श्वासापर्यंत, शहरातल्या प्रत्येक रेडिओवर गेलं.

अवधेशने वर पाहिलं, मग समोर. मनूताई वाकल्या, स्टुलाकडे वाकायच्या तशाच, आणि म्हणाल्या,

"आवाज आ रही है ना?"

त्याने तो आवाज ओळखला. चेहऱ्यावरचा रंग पायरीपायरीने उतरत गेला, जिना उतरल्यासारखा. पळायला जागा नव्हती. मागे गल्ली, पुढे उंबरा. त्याने माइक हातात घेतला. हात जोडले. "श्री दिगंबरशास्त्री जी," तो म्हणाला. पूर्ण. इज्जतीने. थेट प्रसारणात.

"फिर से," मनूताई म्हणाल्या.

त्याने पुन्हा म्हटलं.

"श्वास तुटला," वरून निकाल आला.

तिसऱ्यांदा म्हटल्यावर दार मोकळं झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे शास्त्रीबुवा घाटावर गेले, ताठ मानेने. गुडघ्याचं कोणी विचारलं नाही. पोरं हात जोडून म्हणाली, "गुरुजी, हमको भी सिखाइए."

आता तुम्ही म्हणाल, संपलं, माफ केलं. मनूताईंना ओळखत नाही तुम्ही.

गेल्या कार्तिकात, पंचगंगा घाटावर आकाशदिव्यांचे बांबू उभे राहत होते तेव्हा, मी सकाळी त्यांच्याकडे डोकावलो. 'बाँके की बैठक' चालू होती. फोनवर कोणी म्हातारा होता. पेन्शनीचं, गुडघ्याचं, मुलाचं असं लांबण लावून बोलत होता. बाँके ऐकत होता. मधे "जी, दादाजी" म्हणत होता. बटणांच्या पाटीचा मागमूस नाही.

मनूताई स्टुलापाशी बसल्या होत्या. पाय धुतलेले, कुंकू ताजं, मोबाइल क्रोशावर, नंबर काढून ठेवलेला, अंगठा त्याच्यावर टेकलेला.

"ताई, आता कशाला?" मी म्हटलं. "सुधारला की तो. लग्नापासून एकाचाही फोन कापला नाही."

"तेच तर," त्या नजर न हलवता म्हणाल्या. "माणूस आहे. चुकेल कधीतरी मेला."

आणि आतल्या खोलीत, पोथ्यांच्या कपाटाशी, शास्त्रीबुवांनी घसा साफ केला.